जखमेची मोजदाद करण्यापूर्वी

तृतीयपंथीयांच्या आरोग्यावर संशोधन व्हायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कसे आणि कोणाच्या सोयीने, हा. प्रश्नावली घेऊन आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांतच विचारतो : घरातून कधी हाकलले? पोलिसांनी मारले का? जबरदस्ती झाली का? जीव द्यावासा वाटला का? उत्तरे लिहून घेतो, सही घेतो आणि शेवटच्या एसटीने निघून जातो. ती रात्र त्या आठवणींसोबत काढायची असते उत्तर देणाऱ्याला. याला संशोधन म्हणायचे की खपली काढणे?

या समाजाची भीती उगाच नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्या विमुक्त बांधवांना ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजड्यांची नावे आणि पत्ते सरकारी रजिस्टरात नोंदवायला लावले. नोंद झालेल्याने स्त्रीवेशात रस्त्यावर येणे हा गुन्हा ठरवला. अशा इतिहासानंतर वही उघडणाऱ्याकडे कुणी संशयाने पाहिले, तर नवल काय? अमेरिकेत टस्कगी येथे 1932 ते 1972 अशी 40 वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीयांना औषध न देता नुसते अभ्यासले. हे उघड झाले त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. शोषितांचे शरीर हे प्रयोगाचे सामान नव्हे, हे आपण वेगळे शिकण्याची गरज नाही.

आता म्हसळ्याचा विचार करा. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्टसारखी, समाजातूनच उभी राहिलेली संस्था आहे. मुंबईच्या गर्दीत माणूस लपूही शकतो. म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावी प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. अहवालात नाव नसले तरी 'म्हसळा तालुका, वय 27, बौद्ध, तृतीयपंथी' एवढे छापले, की बाजारपेठेत बोट दाखवायला तेवढे पुरते. आणि जो स्वतःला स्त्रीही म्हणवत नाही, पुरुषही नाही, तृतीयपंथीही नाही, त्याला तर फॉर्मवर रकानाच नसतो.

काहीजण म्हणतील, इतके जपून वागलो तर आकडे मिळणार नाहीत. उलट, भीतीने दिलेले उत्तर खोटेच असते. 2011 च्या जनगणनेत 'इतर' म्हणून देशभरात 4,87,803 जणांची नोंद झाली. घरच्यांसमोर प्रगणकाला खरे सांगायची हिंमत किती जणांना झाली असेल?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लैंगिक अल्पसंख्याकांना विशेष संरक्षण हवे असलेल्या घटकांत धरले आहे. ते कागदावर राहू नये. प्रश्न ठरवताना समाजातील माणसे सोबत हवीत. विचारणाराही शक्यतो त्यांच्यातलाच असावा. नको त्या प्रश्नाला 'पुढे चला' म्हणण्याचा आणि मध्येच उठून जाण्याचा अधिकार सुरुवातीलाच सांगावा. बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे द्यावे. मन ढवळून निघाले तर कोणाकडे जायचे, याची सोय आधी करावी, प्रश्न नंतर विचारावेत. गाव ओळखू येणार नाही असे जिल्ह्याचे आकडे छापावेत आणि निष्कर्ष मराठीत परत आणून द्यावेत. केवळ एचआयव्ही मोजून थांबू नये. यांनाही मधुमेह होतो, रक्तदाब होतो, म्हातारपण येते.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. जो आपली ओळख ठरवू शकतो, तो आपल्याला काय विचारावे हेही ठरवू शकतो. याच जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी आपल्या माणसांनी कुणी ओंजळीत पाणी घालील याची वाट पाहिली नाही. तळ्यावर स्वतः गेले. तृतीयपंथी बांधव आणि भगिनी संशोधनाच्या टेबलाशी येतील, तेव्हा त्यांना नमुना म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बसवले पाहिजे. आंबेडकरी कार्यकर्त्याने, डॉक्टरने, विद्यार्थ्याने हा आग्रह धरला नाही, तर धरणार कोण?