आधी घंटा, मग छडी

दंड हा शब्द मराठीत मोठा बहुगुणी आहे. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे बाहू, दंड म्हणजे तालमीतली मेहनत आणि दंड म्हणजे सरकारने केलेली शिक्षा. काठी आधाराला येते, बाहू कामाला येतो, मेहनतीने अंग कमावते. आणि या चौथ्या दंडाने माणसाने शहाणे व्हावे, अशी अपेक्षा असते. ज्या दंडाने माणूस शहाणा न होता नुसता चुकार होतो, त्या दंडातच काहीतरी खोट आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी जो दंड मी निवडला आहे, तो आपल्या घरोघरी, अंगणातल्या दुचाकीच्या डिकीत, गुपचूप दबा धरून बसलेला आहे.

‘अहो मास्तर, फराळाच्या ताटाशी आर.टी.ओ.चा विषय कशाला काढता?’ असे कोणी म्हणेल. काढतो, कारण हा सणाचाच विषय आहे. आपल्याकडे गाडी घ्यायची ती दसऱ्याला नाहीतर पाडव्याला. पेढे वाटले जातात, गाडीला हार पडतो, चाकाखाली लिंबू जाते. आणि त्या गाडीबरोबर जे आर.सी. बुक किंवा कार्ड घरी येते, ते कपाटाच्या तळाशी, लग्नपत्रिका आणि विजेची जुनी बिले यांच्या मध्ये जाऊन पडते. त्यावर एक तारीख छापलेली असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. पंधरा वर्षे! तेवढ्या काळात पाळण्यातले मूल दहावीला बसते, घराला दोनदा रंग लागतो, घरातले एखादे वडीलधारे माणूस निघून जाते. आणि त्या एका तारखेची आठवण मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाने वा बाईने, कोणी न सांगता, बिनचूक ठेवायची.

ती राहिली नाही तर काय होते? त्याचा हिशेब मांडू. मास्तर असल्यामुळे फळ्यावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

समजा, तालुक्याच्या गावी भाजीचा धंदा करणारा एक गृहस्थ आहे. त्याने २००८च्या पाडव्याला दुचाकी घेतली. तिची नोंदणी २०२३च्या दिवाळीच्या सुमारास संपली. हे त्याच्या ध्यानात आले नाही. दोन वर्षांनी बाजाराच्या वाटेवर पोलिसाने अडवले, तेव्हा त्याला ते कळले. १ एप्रिल २०२२पासून दुचाकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी आहे १००० रुपये, आणि उशिराबद्दल दर महिन्याला ३०० रुपये जादा. चोवीस महिन्यांचे झाले ७२००. म्हणजे फी हजाराची आणि उशीर सात हजारांचा! त्याच्यावर दंड. मोटार वाहन कायद्याच्या १९२व्या कलमात नोंदणीवाचून गाडी चालवल्याबद्दल पहिल्या खेपेस कमीत कमी २००० आणि जास्तीत जास्त ५००० रुपये दंड सांगितला आहे. एकूण गेले दहा हजार दोनशे, तेही कमीत कमी. यात पंधरा वर्षांवरील गाडीला महाराष्ट्रात द्यावा लागणारा पर्यावरण कर मी धरलेला नाही, बुडालेल्या दिवसाची मजुरी धरलेली नाही आणि कचेरीच्या दाराशी उभ्या असलेल्या एजंटाचा चहाही धरलेला नाही. मोटारीचा हिशेब याच चालीचा, फक्त आकडे फुगलेले: फी ५००० आणि उशिराचे महिना ५००.

आता त्या भाजीवाल्याच्या जागी आपण उभे राहू. जुन्या बाजारात त्याच्या दुचाकीला आठ-दहा हजार आले तर नशीब. जेवढ्याची गाडी नाही तेवढा तिचा कागद! अशा वेळी तो काय करील? तो कागद करणारच नाही. मुख्य रस्ता टाळून मळ्याच्या वाटेने जाईल. चौकात शिट्टी वाजली की गाडी बाजूच्या बोळात घालील. सापडलाच, तर पावती न मागता हातावर काहीतरी ठेवून सुटू पाहील. आणि प्रत्येक महिना उलटला की त्याच्या परतीची वाट तीनशे रुपयांनी आणखी लांब होईल. एका दिवसाच्या विसराळूपणातून या नियमाने कायमचा चुकार माणूस घडवला. शहाणपण कोणाच्या पदरात पडले? सरकारच्या तिजोरीत पैसा नाही, गाडीची तपासणी नाही, आणि माणूस कायद्याच्या बाहेर गेला तो गेलाच.

यावर मला जी उत्तरे मिळतील ती मला पाठ आहेत.

पहिले उत्तर असे की, कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. कबूल. पण येथे अज्ञान कायद्याचे नाही, तारखेचे आहे. आणि ती तारीख सरकारला पक्की ठाऊक आहे. साऱ्या देशातल्या गाड्यांची दप्तरे आज संगणकावर आहेत. कोणत्या क्रमांकाची नोंदणी कोणत्या दिवशी संपते, हे त्या यंत्राला क्षणात कळते. तुम्ही सिग्नल मोडलात तर कॅमेरा तुमचा फोटो काढतो आणि चलान तुमच्या फोनवर येऊन थडकते. दंड पोचवायला ज्याला तुमचा पत्ता सापडतो, त्याला सूचना पोचवायला तो का सापडू नये? शिवाय पत्ता बदलला तर तीस दिवसांच्या आत कळवा, असे कायदा नागरिकाला बजावतो. तो पत्ता सरकारने हौसेने घेतलेला नाही. जो पत्ता सक्तीने मागून घेतला, त्यावर पंधरा वर्षांत एक पत्र टाकणे हे सरकारचे कर्तव्य आहे. विमा कंपनी धंदेवाईक. पण हप्त्याची मुदत संपण्याआधी तीही चार वेळा आठवण देते. सरकारने दुकानदाराहून कमी सौजन्य दाखवावे, हे काही शोभत नाही.

दुसरे उत्तर, जुन्या गाड्या धूर ओकतात, धोकादायक असतात. त्यांना चाप हवाच. हवाच, यात शंका नाही. पण धूर गाडीच्या नळीतून निघतो, कागदावरच्या तारखेतून नव्हे. धुरासाठी पीयूसीची तपासणी वेगळी आहे. नूतनीकरणाच्या वेळी गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते, आणि या साऱ्या प्रकरणातला खरा उपयोगाचा भाग हाच आहे: ब्रेक लागतो का, दिवा पेटतो का, चॅसिसचा क्रमांक तोच आहे का, हे एक जाणता माणूस डोळ्यांनी पाहतो. मग ज्या नियमामुळे माणूस त्या निरीक्षकापासून पळ काढतो, तो नियम रस्ता सुरक्षित करतो की धोक्याचा? २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील गाड्यांची फी दुचाकीला २००० आणि मोटारीला १०,००० केली गेली. जुन्या गाड्या हटाव्यात हा तिचा हेतू. हेतूशी माझे भांडण नाही; पण ज्याला नवी घेणे परवडते त्याने जुनी केव्हाच विकली आहे. ती जुनी आज कोणाच्या दारात उभी आहे, हे पाहून मग फी ठरवावी.

तिसरे उत्तर सर्वांत जोरकस: सवलत दिली की शिस्त बिघडते, लोक मुद्दाम उशीर करतात. याला उत्तर इतिहासच देतो. करोनाच्या साथीत, ३० मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने असे कळवले की, १ फेब्रुवारी २०२०पासून मुदत संपलेली गाड्यांची कागदपत्रे वैधच धरावीत. ही मुदतवाढ पुन्हा पुन्हा देण्यात आली आणि ती ३१ ऑक्टोबर २०२१पर्यंत चालली. दीड वर्षाहून अधिक काळ कोट्यवधींच्या देशात तारखा पुढे सरकल्या; म्हणून काही आभाळ कोसळले नाही. ती सवलत योग्यच होती, कारण संकट सर्वांवर होते. पण वाचकहो, एखाद्याच्या घरी बाप अंथरुणाला खिळतो, पीक जाते, नोकरी सुटते, तेव्हा त्या घरापुरती ती महामारीच असते. तिच्यासाठी दिल्लीहून पत्रक निघत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि कायद्याला दया ठाऊकच नाही असेही नाही. १९८८च्या मूळ कायद्यात नूतनीकरणाच्या अर्जाला उशीर झाला तर खटल्याऐवजी घ्यावयाच्या रकमेला मर्यादा होती ती शंभर रुपयांची! कायदा करणाऱ्यांनी तेव्हा या चुकीचे वजन तेवढेच धरले होते. त्याच कायद्याच्या १९२व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. आजारी वा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी, किंवा संकटग्रस्तांना अन्न, औषधे पोचवण्यासाठी अशी गाडी वापरली, तर ते कलम लागू होत नाही. मात्र सात दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसे कळवले पाहिजे. म्हणजे कागदापेक्षा माणूस मोठा, हे कायद्यालाही मान्य आहे. अंमलबजावणी करताना मात्र ज्याच्या गाडीची नोंदणी कधी झालीच नाही आणि ज्याची पंधरा वर्षे राहून नुकती सरली, त्या दोघांना बहुधा एकाच मापाने मोजले जाते. नाव न घातलेले मूल आणि हजेरीपटातून नाव कमी झालेला मुलगा, यांना एक समजणारा मास्तर आमच्या शाळेत एक दिवस टिकणार नाही.

आता आपल्याही पदरात चार शब्द घालतो. कारण केवळ सरकारला झोडपणे हा दिवाळी अंकातला सोपा फटाका आहे. ‘काही होत नाही हो, पाहून घेऊ,’ हे आपले आवडते ब्रीदवाक्य. ते महागात पडते. २०१८पासून गाडीची कागदपत्रे फोनवर दाखवली तरी चालतात. म्हणजे ती तारीख पाहायला कपाटही उघडावे लागत नाही. तरी आपण पाहत नाही. जोधपूरला २०११ साली एका अतिथिगृहाबाहेरून रात्री एक मोटार चोरीला गेली. तिची तात्पुरती नोंदणी थोड्याच दिवसांपूर्वी संपली होती. विम्याचा दावा वरपर्यंत भांडला गेला, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा गाडीचे पैसे देण्यास विमा कंपनी बांधील नाही. दोन हजारांचा दंड हा काटा आहे. खरा खड्डा हा असा पुढे असतो. म्हणून दंड भरला म्हणजे काम झाले, असे समजू नये. दंडाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून पंचवीस नंबरच्या फॉर्मवर अर्ज करता येतो. विमा आणि पीयूसी चालू असावी, थकलेली चलाने निकालात काढावीत, कर्जाचा बोजा फिटला असल्यास तो कागदावरून उतरवून घ्यावा, आणि गाडी स्वतः घेऊन जावी. एजंटाला पाचशे-हजार देऊन वर भ्रष्टाचारावर व्याख्यान झोडणाऱ्यांत आपली गणना होऊ देऊ नये.

परंतु नागरिकाची ही कसूर सरकारच्या कसुरीला झाकीत नाही. माझे मागणे फार मोठे नाही. अर्जाची खिडकी साठ दिवस आधी उघडते, त्याच दिवशी मालकाला लेखी सूचना जावी. जिथे सूचना गेल्याची नोंद नाही, तिथे उशिराचा एक पैसाही घेऊ नये. उशिराची रक्कम कितीही झाली तरी मूळ फीच्या वर जाऊ नये. रस्त्यावर पहिल्यांदा सापडलेल्याला पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तेवढ्यात त्याने अर्ज केला तर दंड माफ, न केला तर खुशाल पुरा दंड घ्यावा. आणि तालुक्याच्या गावी आर.टी.ओ.चे जे कॅम्प भरतात, त्यांत वर्षातून एक दिवस केवळ जुन्या दुचाकींच्या नूतनीकरणासाठी राखावा. यात तिजोरी बुडत नाही. उलट आज जे बोळाबोळांतून लपत फिरतात, ते फी भरायला रांगेत येऊन उभे राहतील.

आमच्या शाळांतून छडी २००९च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने गेली, हे फार चांगले झाले. पण ती होती तेव्हाही तिला एक नियम होता. आधी घंटा वाजायची. पहिली, मग दुसरी. गावाच्या वेशीपर्यंत ती ऐकू जायची. तिच्यानंतर जो येई तो उशिरा आलेला. घंटाच न वाजवता दाराशी छडी घेऊन उभा राहणारा मास्तर कडक नव्हे, लबाड म्हटला जाई. सरकारच्या हातात आज छडीही आहे आणि घंटाही आहे. छडीचा आवाज गावोगाव ऐकू येतो. घंटेचा दोर मात्र अजून तसाच लोंबतो आहे. तो ओढायला कोणी कर्मचारी नेमावा, एवढेच मागणे आहे.