सही करण्याआधी

भगिनींनो, २० जुलै १९४२ ही तारीख आपल्या घरातल्या कॅलेंडरवर लाल अक्षरांत छापलेली नसते. पण आपल्या आया-आज्यांच्या इतिहासातला तो फार मोठा दिवस आहे. त्या दिवशी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील होत्या आणि मार्गदर्शन करायला स्वतः बाबासाहेब आले होते. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया तिथे जमल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

आणि या बायांनी ठराव कोणते केले? नवऱ्यापासून फारकत घेण्याचा हक्क स्त्रीला कायद्याने मिळावा. एक बायको असताना दुसरी करायला बंदी व्हावी. गिरणी, विडी कारखाना, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या स्त्रियांना भरपगारी रजा आणि नुकसानभरपाई मिळावी. कायदेमंडळात स्त्रियांना राखीव जागा असाव्यात. शिकल्यासवरल्या घरांतल्या बायकाही ज्या गोष्टी दबक्या आवाजात बोलत, त्या आमच्या निरक्षर आज्यांनी मंडपात हात वर करून मागितल्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, हेही बजावले.

पुढे बाबासाहेब कायदामंत्री झाले, तेव्हा हिंदू कोड बिलात त्यांनी मुलीच्या वाट्याचा प्रश्न घेतला. आधीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. तो मुलाइतका करण्यात आला. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण हे त्यांतले मोठे. बायकांच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा दुसरा मंत्री दाखवा, असे आम्ही सभांतून विचारतो, तेव्हा टाळ्या पडतात.

टाळ्या वाजवून आपण घरी जातो. आणि वडील वारले, की तेराव्याचे विधी आपण सोडले म्हणून अभिमानाने सांगतो. पण पुण्यानुमोदनानंतर महिन्या-दोन महिन्यांत बहिणीपुढे एक कागद येतो. ‘‘ताई, इथे सही कर गं. नुसती फॉर्मॅलिटी आहे. तुझं माहेर काय आम्ही तोडतोय?’’ ताई सही करते. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो.

कागदांशी आमचा रोजचा संबंध, म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. १९५६ चा वारसा कायदा, नावात हिंदू असला तरी, बौद्धांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, आई आणि आजी हयात असल्यास आजी, या सर्वांना सारखा वाटा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच हक्क देणारा बदल महाराष्ट्रात १९९४ साली झाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्वच मुलींना तो हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडता येत नाहीत. आणि हक्कसोडपत्र एकदा उपनिबंधकाच्या कार्यालयात नोंदले गेले, की ते रद्द करून घेणे फार अवघड असते.

यावर आमच्या बहिणी म्हणतात, ‘‘भाऊ दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांनिशी राहतो. त्याच्याकडे वाटा काय मागायचा?’’ हा प्रश्न खोटा नाही. गरिबाच्या घरी वाटणी म्हणजे भिंतीच वाटायच्या. भावाची अडचण ओळखून बहिणीने आपला हिस्सा सोडला, तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही. दान ही पहिली पारमिता आहे. पण दान जाणून दिलेले असते. काय दिले, किती दिले, हेच जिला ठाऊक नाही, तिने दान केले असे कसे म्हणायचे? तिच्याकडून ते काढून घेतले गेले.

आता भावांना एक शब्द. दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणतो. त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. ते फक्त खिसेकापूसाठी सांगितलेले नाही. बहिणीला कागद वाचू न देता घेतलेली सही त्याच शिलाखाली येते. आणि ज्या बहिणीला नवऱ्याने टाकले, जी विधवा होऊन दोन मुलांसह परत आली, तिचे माहेर साडीचोळीवर उभे राहत नाही. तिला दाराच्या आत पाय ठेवण्याचा हक्क लागतो. तो हक्क कागदावर असला, तर भावजयीच्या मर्जीवर राहण्याची पाळी तिच्यावर येत नाही.

तेव्हा महिला मंडळांना आमची सूचना आहे. वंदना झाल्यावर महिन्यातून एक रविवार कागदांसाठी ठेवा. सातबारा, खोलीची पावती, वारस नोंदीची नोटीस, कुणाकडे जे असेल ते आणावे आणि शिकलेल्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवावे. न समजले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे मोफत सल्ला मिळतो. आणि कुणी घाईने सही मागितली, तर एवढेच म्हणावे, ‘‘दादा, कागद ठेवून जा. वाचते आणि सांगते.’’

मोहन पार्कमधल्या आज्यांना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी मागितले. आपल्याला वाचता येते. निदान वाचल्याशिवाय सोडू तरी नये.

जयभीम!