नम्रता कोणी शिकावी?

नांदेड, हिंगोली आणि हदगाव या तिन्ही बाजूंचे रस्ते वारंगा फाट्यावर एकत्र येतात. वाहने समोरासमोर आली म्हणजे ‘आधी कोण?’ हा प्रश्न तेथे घडोघडी उत्पन्न होतो, व त्याचा निकाल बहुधा वाहनाच्या आकारावरून लागतो. मालमोटार पुढे निघून जाते, बैलगाडी थांबते. समाजाच्या चव्हाट्यावरही हाच न्याय चालतो. सावकारापुढे कूळ नमते, धन्यापुढे गडी नमतो, सासूपुढे सून नमते. आणि या नमण्यास आपण ‘नम्रता’ असे गोड नाव देऊन मोकळे होतो. आमच्या मते हा त्या थोर शब्दाचा निव्वळ दुरुपयोग होय. ज्यास मान वर करण्याची सोयच नाही, त्याच्या वाकण्यात सद्गुण तो कोणता?

ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नाचे उत्तर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दिले आहे. तो अध्याय ख्रिस्ती नसलेल्या आमच्या वाचकांनीही एकवार शांतपणे वाचावा. स्वर्गाच्या राज्यात श्रेष्ठ कोण, असे शिष्यांनी विचारताच येशूने एका बालकास बोलावून त्यांच्या मधोमध उभे केले. येथे लहान होण्याचा उपदेश कोणास केला, हे नीट पाहिले पाहिजे. तो बालकास नव्हे, तर मानाच्या जागेची चौकशी करणाऱ्या मोठ्यांस केला. इतकेच नव्हे, तर अशा लहानग्यास जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्यास समुद्रात बुडविणे बरे, अशी कठोर वाणीही लागलीच पुढे आहे.

बालकासारखा विश्वास म्हणजे भोळसटपणा नव्हे. बापाचे आपल्यावर प्रेम आहे याविषयी मुलास शंका नसते. म्हणून त्यास आपली प्रतिष्ठा सांभाळीत बसावे लागत नाही. ते पडते, रडते, चूक कबूल करते आणि पुन्हा उठून धावू लागते. मोठ्या माणसाचा अहंकार पुष्कळदा भयातून जन्मतो. आपली किंमत कमी होईल की काय, या धास्तीने तो कोणासही वाट देत नाही. ही धास्ती ईश्वरावर सोपविता आली, तरच नम्रता शक्य होते. आणि नम्रता आली, तरच क्षमा शक्य होते. हा क्रम उलटता येत नाही.

त्याच अध्यायाच्या शेवटी जो दृष्टांत आहे, त्याचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस ताबडतोब उमगेल. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तलांत येणे होते. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, व एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एकूण रक्कम सहा कोटी दिवसांच्या मजुरीची! ती राजाने माफ केली. तोच चाकर बाहेर पडून, अवघ्या शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. सहा लाखांची सूट घेऊन एकाची वसुली करणारा असा हा माणूस आहे, आणि तो आपणा सर्वांच्या घरी नांदतो. दृष्टांतात क्षमेचा आरंभ ऋणकोने नव्हे, धनकोने केला आहे, हेही विसरता कामा नये.

क्षमेने लुच्चे शेफारतात, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचेही उत्तर तेथेच आहे. ज्याने अपराध केला त्यास प्रथम एकांतात त्याचा दोष सांगावा. न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे सांगावे, असा तो क्रम आहे. अर्थात क्षमा म्हणजे अपराधावर पांघरूण घालणे नव्हे. सत्य सांगून मग वैर सोडणे, हीच खरी क्षमा.

महाराष्ट्रास याचे जिवंत उदाहरण टिळक दांपत्याने दिले. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून रेव्हरंड ना. वा. टिळकांचे मन पालटले, व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. कित्येक वर्षे त्या लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे सुरूच होते. टिळक स्वभावाने तापट. पण पत्नीवर धर्माची सक्ती त्यांनी केली नाही. हक्क गाजविण्याची सोय असता वाट पाहणे, ही नम्रता होय. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी पतीचा एकही दोष झाकला नाही, परंतु त्यात विखाराचा थेंब नाही, उलट हसू आहे. सत्य आणि क्षमा एकाच लेखणीतून कशी उतरतात, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तो ग्रंथ वाचावा.

ही शिकवण परकी म्हणून कोणी झिडकारू नये. वारंगा फाटा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात नामदेवांची नर्सी व विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ आहे. बाळपणी देवास हट्टाने नैवेद्य भरविणाऱ्या नामदेवासही संतांच्या मेळाव्यात गोरोबांनी ‘कच्चे मडके’ ठरविले, व तो राग गिळून नामदेव औंढ्यास गुरूकडे गेला, ही आख्यायिका येथील पोरासही ठाऊक आहे. देवाचा लाडका झालेल्यासही लहान व्हावे लागले, हाच तिचा इत्यर्थ नव्हे काय?

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की देवळात, मशिदीत वा चर्चमध्ये नम्रतेचा उपदेश करणाऱ्यांनी तो प्रथम वरच्या पायरीवरील श्रोत्यांस करावा. दुकानदाराने गड्याची, बापाने मुलाची, नवऱ्याने बायकोची चूक झाल्यास क्षमा करावी, हे तर योग्यच. पण स्वतःची चूक झाल्यास त्यांनी त्यांच्याकडे ती मागावी, हे त्याहून अगत्याचे आहे. फाट्यावर मोठ्या गाडीने वाट दिली, तर तिचे काही कमी होत नाही. छोटी गाडी मात्र सुखरूप घरी पोहोचते.