गुडघ्याची सुई घेण्याआधी

होळी ते पाडवा मढीला कानिफनाथांची यात्रा असते. गड चढायचा म्हटलं की आमच्या तिसगावात सासूबाईंच्या गुडघ्यांची चर्चा सुरू होते. ‘‘एक सुई द्या हो त्यांना, पळायला लागतील!’’ असा सल्ला शेजारून हमखास मिळतो. ही सुई बहुधा स्टेरॉइडची असते.

१९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांतच त्या चालू लागल्या. १९५० साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं. मात्र हे औषध फार दिवस दिलं तर अपाय होतो, हेही लवकरच कळलं.

स्टेरॉइड सूज उतरवतं. झिजलेली कूर्चा भरून आणत नाही. म्हणून आराम काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. दुखणं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला, असं नव्हे! त्याच सांध्यात पुन्हा सुई घ्यायची तर निदान तीन महिने जाऊ द्यावेत. वरचेवर टोचल्याने कूर्चा आणखी झिजू शकते.

सुई सांध्यातच, जाणत्या डॉक्टरांकडून, पूर्ण स्वच्छता पाळून घ्यावी. कमरेत टोचलेलं औषध साऱ्या अंगात पसरतं, हे ध्यानात ठेवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा अंगात ताप असेल तर आधीच सांगा. सुईनंतर काही दिवस रक्तातली साखर वाढते, ती तपासत राहा. दोन दिवस हंडे उचलणं, उकिडवं बसणं नको. गड चढणं तर नकोच. एखादा दिवस ठणका लागला तर घाबरू नका. पण सांधा लाल-गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खरा धोका बिननावाच्या पुड्यांचा. ‘झाडपाल्याचं औषध’ म्हणून दिलेल्या पुडीतही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. घरात कुणी अशा पुड्या बरेच दिवस घेत असेल तर त्या एकदम बंद करू नका. तेही जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि रोज खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो.