वाट पाहण्याचे धोरण

बेंगळुरूत व्हाइटफील्डपासून देवनहळ्ळीपर्यंत ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प झपाट्याने उभे राहत आहेत. मुले परदेशात, आईवडील इथे. त्यामुळे ‘चोवीस तास वैद्यकीय मदत’ या आश्वासनावर घर विकले जाते. बाथरूममध्ये धोक्याची दोरीही असते. ती ओढल्यावर धावत येणाऱ्याने नेमके काय करायचे, हे मात्र करारात शोधावे लागते.

हृदय थांबले की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. बेंगळुरूच्या वाहतुकीतून १०८ची रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचेल, याची हमी कोण देणार? तोवर छाती दाबत राहणे हाच उपाय, आणि तो जवळच्या माणसानेच करायचा असतो.

फेब्रुवारी २०१३मध्ये कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या अशाच एका निवासात ८७ वर्षांच्या आजी कोसळल्या. आपत्कालीन क्रमांकावरील कर्मचारी ‘छाती दाबा’ म्हणून विनवत राहिली. निवासातील परिचारिकेने संस्थेचे धोरण पुढे करून नकार दिला. आजी दगावल्या. कंपनीने आधी तिने नियम पाळल्याचे सांगितले, नंतर तिने नियमाचा चुकीचा अर्थ लावल्याचे. संस्थेच्या नियमाचे खापर अखेर तिच्या एकटीच्या माथी फुटले. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवणे आजींना नकोच होते, असे कुटुंबीय पुढे म्हणाले. पण तशी लेखी नोंद त्या घडीला कोणाच्या हाताशी नव्हती.

आपल्याकडे रात्रपाळीला असते ती तुटपुंज्या पगारावरची, जेमतेम शिकवलेली सेविका. काही बरेवाईट झाले तर नोकरी जाईल, पोलीस येतील, या भीतीने तिचे हात आखडले तर दोष तिचा नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतकर्त्याला संरक्षण मिळाले, पण ते रस्ते अपघातापुरते. त्याच वर्षी केंद्राने निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली; ती राज्याने नियमांत उतरवल्याशिवाय बंधनकारक होत नाहीत.

दिवंगत अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदयरुग्णांसाठी योजना चालवणाऱ्या कर्नाटकने हे काम आता हाती घ्यावे. प्रत्येक पाळीत छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट यांशिवाय परवाना नको. सद्भावनेने मदत करणाऱ्या सेविकेला संरक्षण हवे आणि कसूर झाल्यास जबाबदारी चालकाची हवी. सन्मानाने मरण्याच्या हक्काबाबत राज्याने जानेवारी २०२५मध्ये परिपत्रक काढले आहेच. रहिवाशाची लेखी इच्छा रात्रपाळीच्या टेबलावरही असली पाहिजे.

आईवडिलांसाठी असे घर पाहायला जाणाऱ्यांनी बाग आणि क्लबहाऊस नंतर पाहावे. रात्री दोन वाजता दोरी ओढली तर कोण येईल आणि त्याला काय येते, हे आधी विचारावे. उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नये.