उड्डाणाआधीचा ताळा

नव्या मालाची पेटी फोडली की माल फळीवर लावण्यापूर्वी त्यातील नग बीजकाशी ताडून पाहिले जातात. ही शिस्त व्यापारी घरांतील मुले कोणी न शिकवताच उचलतात. परंतु हीच मुले रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरची पेटी घरी येताच ती सारी शिस्त विसरतात. पेटी उघडल्यापासून तासाभरात यंत्र अंगणात उभे राहते, एकदा गर्रकन फिरते, भिंतीवर आपटते आणि मोडलेल्या पात्यांसह कायमचे माळ्यावर जाते. दोष मुलाच्या हाताला दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा हातांचा नसून न घेतलेल्या ताळ्याचा असतो.

आजकालचा चार पंखांचा ड्रोन हात सोडला तरी हवेत बऱ्यापैकी स्थिर राहतो. हेलिकॉप्टरचा स्वभाव निराळा आहे. मुख्य पाती एका दिशेने फिरू लागली की यंत्राचे अंग विरुद्ध दिशेने फिरू पाहते; त्यास आवर घालण्यासाठी शेपटीला लहान पंखा असतो. पुढे-मागे व डावी-उजवीकडे जाण्यासाठी मुख्य शाफ्टवर स्वॉशप्लेट नावाची चकती असते. ती कलली की फिरणाऱ्या पात्यांचा कोन प्रत्येक फेऱ्यात बदलतो आणि यंत्र त्या बाजूस झुकते. एवढी गुंतागुंत छोट्या यंत्रात उतरवून ते रेडिओच्या आज्ञेवर चालविण्याचे काम जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी १९७० च्या सुमारास साधले. तेव्हापासून यंत्रे स्वस्त व हलकी झाली, तरी जुळवणीचे नियम फारसे बदललेले नाहीत.

या जुळवणीत हयगय का चालत नाही, हे एका हिशेबावरून कळते. हौशी लोकांत '४५०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा घेर सुमारे ७० सेंटीमीटर व्यासाचा असतो. मिनिटाला २४०० फेरे धरले तर पात्याचे टोक ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. २०१३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचे पाते डोक्याला लागून मृत्युमुखी पडला; आणि तो काही नवशिका नव्हता.

आपल्या राज्यातील घटना तर याहून जिव्हारी लागणारी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीचा शेख इस्माईल, ज्याला गाव मुन्ना म्हणून ओळखत असे, वेल्डिंगची कामे करीत स्वतः बसून उडविण्याचे हेलिकॉप्टर बनवीत होता. शाळा आठवीपर्यंतच झालेली, वय अवघे २४. ऑगस्ट २०२१ मध्ये यंत्र जमिनीवरच चालवून पाहत असताना शेपटीच्या पंख्याचे पाते तुटून मुख्य पात्यांवर आदळले, त्यांचा आघात त्याच्या डोक्यावर झाला आणि तो गेला. त्याचे यंत्र मोठे होते आणि मुलाच्या हातातले लहान आहे, हे खरे. परंतु शेपटीचे एक पाते सुटले तर काय होते, हा नियम दोन्हींना एकच आहे. अशा होतकरू मुलांच्या हौसेला आवर घालू नये. तिच्या शेजारी दुसरी एक व्यक्ती बसवावी.

म्हणून पहिली खरेदी लहान असावी. एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरणारे घरातले छोटे हेलिकॉप्टर स्वभावाने शांत असते. खोलीतील पंखा बंद केला की त्यावर हात बसतो. पात्यांचा कोन बदलता येणारे ४५० च्या वर्गातील यंत्र त्यानंतर घ्यावे. मधल्या काळात संगणकावरील सिम्युलेटरवर सराव करावा. तेथे शंभर वेळा आपटले तरी एक पैसाही खर्च होत नाही.

मोठे यंत्र आले की पहिल्या दिवशी ते उडवायचे नाही, एवढे घरात आधीच ठरवावे. बँकेत एकाने मोजलेली रोकड दुसरा पुन्हा मोजतो; तसे मुलाने जुळवावे आणि घरातील एका मोठ्या माणसाने माहितीपुस्तिका हाती घेऊन एकेक बाब वाचावी व खूण करावी.

सर्वप्रथम मोटारीच्या तिन्ही तारा सोडवून ठेवाव्यात, म्हणजे जुळवणी चालू असता पाती अकस्मात फिरणार नाहीत. कारखान्यातून जोडून आलेले यंत्र असले तरी प्रत्येक स्क्रू तपासावा. धातूत बसणाऱ्या स्क्रूला तो सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा थेंब द्यावा, प्लास्टिकमध्ये बसणाऱ्यास देऊ नये. विजेचा क्रम पाठ करावा: आधी रिमोट चालू, मग यंत्राची बॅटरी जोडायची, बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद.

त्यानंतर सर्व्होंच्या भुजा काटकोनात व स्वॉशप्लेट सपाट आहे का ते पाहावे. रिमोटची काठी पुढे केली की चकती पुढे कलली पाहिजे. पात्यांचा कोन मोजण्याचे साधन स्वस्तात मिळते, ते घ्यावे. अधांतरी स्थिर राहण्यास साधारण ५ ते ६ अंशांचा कोन पुरतो. वरची मर्यादा १० अंशांच्या आसपास व खालची उणे २ ते ३ अंश एवढी नवशिक्यास पुरेशी आहे.

पुढची तपासणी जायरोची. शेपूट आपोआप सावरणारा हाच भाग. यंत्र हातात धरून नाक डावीकडे वळवावे; शेपटीच्या पात्यांनी नाक उजवीकडे आणण्याच्या दिशेने हालचाल केली पाहिजे. ती उलट झाली तर जमीन सोडताच यंत्र भोवऱ्यासारखे फिरेल. बहुतेक पहिली हेलिकॉप्टरे अशाच साध्या चुकांनी मोडतात, आणि ही चूक टेबलावर अर्ध्या मिनिटात सापडते. मग मुख्य पाती अंगाला आडवी करून यंत्र पात्यांच्या मुळाशी धरून उचलावे; नाक किंवा शेपूट झुकत असेल तर बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधावा.

लिथियम पॉलिमर बॅटरीचा ताळा वेगळा. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवितो, ३ व्होल्टखाली गेल्यास बिघडतो आणि ठेवून द्यायची झाल्यास ३.८ व्होल्टच्या जवळपास ठेवावा. चार्जिंग चालू असता घराबाहेर पडू नये, रात्री लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा वापरू नये.

सारे जुळल्यावर मोटारीच्या तारा जोडाव्यात. उमरगा परिसरात यासाठी ज्वारी निघून गेल्यावर रिकामी झालेली राने सोयीची. मात्र पुणे-हैदराबाद महामार्गापासून व वस्तीपासून दूरची निवडावीत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि यंत्राचे पाय भेगेत अडकून ते उलटते. म्हणून प्लायवूडचा मोठा तक्ता खाली टाकावा. वेळ सकाळची, वारा पडलेला असतानाची. चैत्र-वैशाखातील दुपारची वावटळ जाणत्यालाही दाद देत नाही. यंत्राच्या पायांना आडव्या काठ्या व टोकांना चेंडू असलेला सरावाचा साज बांधावा. एका पात्याच्या टोकास रंगीत पट्टी लावून, दूर उभे राहून दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते पाहावे. उडविणाऱ्याने निदान पाच-सहा मीटर मागे, शेपूट स्वतःकडे ठेवून उभे राहावे; लहान मुलांनी त्याहून पुष्कळ दूर. मोटार थांबविणारे 'थ्रॉटल होल्ड' हे बटण डोळे मिटूनही सापडले पाहिजे, आणि पाती पूर्ण थांबल्यावाचून कोणी जवळ जाऊ नये. नाक आपल्याकडे असलेले उड्डाण घाईने करू नये. त्यात डावे-उजवे उलटे होते.

कायद्याचाही विचार करावा. केंद्राच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र 'नॅनो' व त्यापुढे २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' गटात मोडते. ४५० चे हेलिकॉप्टर सहसा दुसऱ्या गटात जाते. आपले रान नकाशावर कोणत्या विभागात येते आणि आपल्या यंत्रास नोंदणी लागते का, हे शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच खरेदी करावी.

खर्चाविषयी एक सूचना. संपूर्ण रक्कम यंत्रातच गुंतवू नये. खेळते भांडवल राखून ठेवावे. जादा पाती, मुख्य शाफ्ट, मोठे दातेरी चाक आणि शेपटीची नळी हे भाग पहिल्या काही महिन्यांत लागतातच. हा तोटा न मानता घसारा मानावा. मुलास एक वही द्यावी: डावीकडे तारीख, काय तपासले व कोणी खूण केली, उजवीकडे काय मोडले, का मोडले आणि किती खर्च झाला. उजवे पान भरत असेल तर उड्डाणे काही दिवस थांबवून पुन्हा डाव्या पानाकडे वळावे.