धावांचा दुष्काळ, बळींचे पीक

चिखली - रणजी करंडक विदर्भात आला तो प्रामुख्याने गोलंदाजांच्या बळावर. जानेवारी २०१९ मध्ये वायनाड येथे केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तीन डावांत मिळून अवघ्या ४०५ धावा झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी निकाल लागला. केरळचे डाव १०६ व ९१ धावांत आटोपले. २०८ धावा करणारा विदर्भ एक डाव व ११ धावांनी जिंकला. उमेश यादवने ७९ धावांत १२ बळी टिपले.

खेळपट्टी वेगवान गोलंदाजांना अनुकूल होती, हे खरे. मात्र ती दोन्ही संघांसाठी सारखीच होती. शिवाय, हे यश एका सामन्यापुरते नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्यात १९८ धावांचा पाठलाग करणाऱ्या कर्नाटकला रजनीश गुरबानीने सात बळी घेऊन पाच धावांनी रोखले होते.

वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा असलेला उमेश विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूवरच खेळत होता. चिखलीसारख्या तालुक्यांतील मुलेही त्याच चेंडूवर घाम गाळतात. त्यांच्या हाती लेदरचा चेंडू आणि पाठीशी जाणता प्रशिक्षक वेळेत आला, तरच हे पीक पुढेही येईल.